नाकाने फुगवायचा फुगा: कानाच्या पडद्यामागच्या पाण्यावर कितपत चालतो?

पाकीट उघडलं की दोनच वस्तू हातात येतात. गोल, गुळगुळीत टोकाची प्लास्टिकची एक पोकळ नळी आणि रबराचे थोडे फुगे. फुग्याचं तोंड नळीच्या मागच्या टोकावर चढवायचं, गोल टोक एका नाकपुडीत घट्ट बसवायचं, दुसरी नाकपुडी बोटाने बंद करायची, ओठ मिटायचे आणि नाकाने फुंकून फुगा फुगवायचा. ना बॅटरी, ना औषध, ना सुई. ओटोव्हेंट हे या प्रकारातलं सर्वांत परिचित नाव. त्याच धर्तीची इतर उत्पादनंही मिळतात आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

निकाल आधीच सांगायचा तर: चार वर्षांवरचं मूल, कानाचा पडदा शाबूत, पडद्यामागे पाणी साचलेलं, आणि डॉक्टरांनी 'तीन महिने थांबून पाहू' म्हटलेलं, एवढं जुळत असेल तर ही वस्तू जरूर घ्यावी. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा पडदा आत खेचला जाऊन चिकटला असेल, तर हा फुगा त्या दुखण्याचा नाही. 'कानाच्या सर्व तक्रारींवर' अशा थाटात तो विकला जातो तेव्हा वाईट वाटतं. कारण फुगा काय करू शकतो आणि काय नाही, हे नाकाच्या मागची रचना पाहिली की पुरतं कळतं.

मध्यकर्णाला, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या खोलीला, हवा मिळायची वाट एकच, नाकाच्या मागच्या पोकळीतून कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी. बार्तोलोमिओ युस्टाकी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात तिचं नेमकं वर्णन केलं, म्हणून ते नाव. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडातून जातो आणि कायम उघडा असतो. नाकाकडचा दोन तृतीयांश भाग कूर्चेचा आणि मऊ, आणि एरवी तो मिटलेला असतो. हाड आणि कूर्चा जिथे भेटतात तिथे नळी सर्वांत अरुंद. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की टाळू ताणणारा स्नायू कूर्चेची भिंत बाजूला ओढतो आणि नळी उघडते, तीही अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ. तेवढ्यात हवेचा एक घोट वर जातो. दिवसभर नकळत गिळलेल्या आवंढ्यांवर कानाचा श्वास चालतो असं म्हटलं तरी चालेल.

हा घोट रोज लागतो, कारण मध्यकर्णाचं अस्तर तिथली हवा सतत शोषून घेत असतं. नळी वेळेवर उघडली नाही की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, पडदा आत ओढला जातो, कानात दडा बसतो. असंच राहिलं तर अस्तरातून पाणी पाझरतं. ते पुढे घट्ट होतं, काही मुलांत अगदी गोंदासारखं. ऐकू येणं साधारण २० ते ३० डेसिबलने मंदावतं. मूल बहिरं वाटत नाही, दुर्लक्ष करतंय असं वाटतं. हाक मारल्यावर दुसऱ्यांदा वळतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, वर्गात मागे बसलं की अर्धं निसटतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हे लहानपणीच का जास्त होतं, त्याचं उत्तर मोजपट्टीत आहे. तान्ह्या बाळात ही नळी मोठ्याच्या निम्मी असते आणि जवळजवळ आडवी, आडव्या रेषेशी जेमतेम १० अंशांची. मोठ्यात हा कोन ४५ अंशांच्या आसपास जातो. आडव्या, आखूड नळीत नाकातला शेंबूड सहज वर सरकतो, आणि ती उघडणाऱ्या स्नायूला कोवळ्या कूर्चेवर नीट पकड मिळत नाही. सातव्या वर्षाच्या सुमारास लांबी मोठ्यांसारखी होते, म्हणून बरीच मुलं या दुखण्यातून आपोआप बाहेर पडतात. फुग्याचं काम आहे ते मधल्या काळात. जी नळी अजून स्वतःहून पुरेशी उघडत नाही, तिला दिवसातून काही वेळा बाहेरून हवा द्यायची.

आता फुगा हातात घेऊन पाहू. फुगा फुगवताना सर्वांत जास्त जोर सुरुवातीला लागतो. रबर ताणलं जाऊन पहिला फुगवटा आला की पुढे तो सहज मोठा होतो. म्हणजे नाकाच्या मागे सर्वाधिक दाब तयार होतो तो त्या पहिल्या क्षणी, आणि मिटलेली नळी उघडली तर बहुधा तेव्हाच उघडते. नाक चिमटीत धरून फुंकण्यापेक्षा फुगा बरा, तो इथे. चिमटीत किती दाब तयार झाला याचा अंदाज येत नाही. मूल एकदा हळू फुंकतं, एकदा जिवाच्या आकांताने, आणि अति जोराने आतल्या कानाला इजाही होऊ शकते. फुगा मात्र पुरेसा दाब आल्याशिवाय फुगतच नाही, आणि एकदा फुगला की दाब फार वाढू देत नाही. मोजमाप रबरातच आहे. वस्तूच्या रचनेतली ही सर्वांत हुशार बाब, पण पाकिटावर ती कुठे सांगितलेली नसते.

दुसरी बाब आवंढ्याची. फुगा मोठ्या संत्र्याएवढा झाला की तो नाकाला तसाच लावून ठेवून मुलाने आवंढा गिळायचा. गिळताना टाळू वर जाऊन घशाची वाट बंद करतो. फुग्यातली हवा मात्र नाकाच्या मागच्या पोकळीवर दाब धरून असते, आणि नेमक्या त्याच वेळी स्नायू नळीचं तोंड उघडतो. बाहेरून दाब आणि आतून ओढ, दोन्ही एकत्र. चिमटीत नाक धरून फुंकताना हे साधत नाही, कारण फुंकणं आणि गिळणं एका वेळी होत नाही. बरेच पालक फुगा फुगला की टाळ्या वाजवून थांबतात. अर्धं काम तिथेच राहतं. तोंडात आधीच पाण्याचा छोटा घोट धरायला सांगू नका, फुंकताना ठसका लागतो. आवंढ्यापुरती लाळ पुरते.

क्रम असा ठेवावा. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करायचं, एकेक नाकपुडी, जोर न लावता. मुलाला सरळ बसवायचं, आडवं पडून नाही. नळी नाकपुडीत बसवताना ती वर कपाळाकडे न रोखता सरळ मागे, कानाच्या दिशेने धरायची. नाकाची पोकळी आडवी मागे जाते, वर नाही. गोल टोकाने नाकपुडी पूर्ण बंद व्हायला हवी. दुसरी नाकपुडी बाहेरून फक्त दाबायची. बोट आत घुसवलं किंवा फार आडवं रेटलं, तर नाकाचा मधला पडदा सरकून फुग्याची बाजूही अडते. मग ओठ मिटून नाकाने एक दीर्घ, न तुटणारी फुंक, फुगा मोठ्या संत्र्याएवढा, आवंढा, आणि सोडायचं. दुसऱ्या नाकपुडीतून तसंच. हे दिवसातून तीनदा. दोन्ही नाकपुड्या धरल्या तर महिन्याला साधारण १८० वेळा. हा आकडा आधीच डोळ्यासमोर असू द्या, कारण खरी परीक्षा रबराची नाही, सातत्याची आहे.

कुठे चुकतं ते गालांवर दिसतं. फुंकताना गाल फुगले म्हणजे हवा तोंडात साठतेय आणि मूल तोंडाने फुंकण्याच्या पवित्र्यात आहे. अशा वेळी त्याला आधी ओठ मिटून 'म्म्म' असा आवाज काढायला सांगा. टाळू खाली येतो आणि हवा नाकाकडे वळते. त्या आवाजातूनच फुंकीकडे जायचं. ओठांतून फुर्रर्र होत असेल तर हनुवटीखाली हात देऊन तोंड मिटून धरायचं. नाकाशी शिट्टीसारखा आवाज आला तर नळी सैल बसली आहे. फुगा मानेपाशी सुरकुतला असेल तर तो नळीवर वाकडा चढला आहे. आणि फुगा जराही फुगतच नसेल तर पहिल्या दिवशी पालकाने तो तोंडाने तीन-चारदा फुगवून रबर थोडं मोकळं करून द्यावं. पण तेवढंच. रबर फार सैल करून ठेवलं तर मूल सहज फुगवतं, आनंदाने हसतं आणि कानापर्यंत काही पोचत नाही.

याच कारणासाठी जुना फुगा वापरत राहणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. रबर प्रत्येक ताणाबरोबर सैल पडतं. पाकिटावर एका फुग्याला जितके वापर दिलेले असतात तितके झाले की तो टाकायचा. कॅलेंडरवर खुणा करा. सणावारी फुगवायचे साधे फुगेही चालणार नाहीत. त्यांच्या रबराची जाडी एकसारखी नसते, एक मऊ तर दुसरा इतका कडक की मूल रडकुंडीला येतं. जादा फुग्यांचं पाकीट स्वतंत्र मिळतं का हे आधीच पाहून ठेवा. महिन्याच्या मध्यात फुगे संपले की सवय मोडते आणि पुन्हा लागत नाही.

कान 'टक्' वाजला तरच उपयोग झाला, असं काही नाही. काही मुलांना आवाज येतो, काहींना कानात भरल्यासारखं वाटतं, काहींना काहीच नाही. थोडा दबाव जाणवणं ठीक, पण कळ आली तर त्या दिवशी थांबायचं.

पुरावा काय म्हणतो, हे पाहिल्याशिवाय कौतुक करण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर या फुग्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्या मुलांच्या एका किंवा दोन्ही कानांत पाणी असल्याचं तपासणीने ठरलेलं होतं. निम्म्यांना नेहमीची देखभाल, निम्म्यांना तीच देखभाल आणि दिवसातून तीनदा फुगा. एका महिन्यानंतर फुगावाल्यांपैकी ४७.३ टक्के मुलांच्या कानाचा दाब सामान्य झाला, दुसऱ्या गटात ३५.६ टक्के. तीन महिन्यांनी ४९.६ आणि ३८.३. हिशोब केला तर साधारण नऊ मुलांनी फुगा वापरला की एकाला जादा फायदा. हे आकडे नीट वाचायला हवेत. फुग्याशिवायही एक तृतीयांशाहून जास्त मुलं महिन्याभरात सुधारली, आणि फुगा घेऊनही निम्म्यांचं तीन महिन्यांत भागलं नाही. तरीही या दुखण्यात अँटिबायोटिक, सर्दीच्या अँटिहिस्टामिन गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं आणि स्टेरॉइड यांचा टिकाऊ उपयोग दिसत नाही, आणि ती देऊ नयेत असं अमेरिकन आणि ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. त्या पार्श्वभूमीवर नवातला एकसुद्धा मोलाचा आहे. २०२३ च्या ब्रिटिश मार्गदर्शनात, जमत असेल त्या मुलांसाठी या फुग्याचा विचार करा असं म्हटलं आहे, ते योग्यच वाटतं.

उरलेल्या मुलांत फुगा का हरतो, याचं उत्तर पुष्कळदा नाकात सापडतं, म्हणून खरेदीआधी नाक पाहून घ्यावं. घरी करता येणारी एक साधी तपासणी आहे. स्टीलचा चमचा थंड करून, पुसून, नाकपुड्यांखाली आडवा धरा आणि मुलाला तोंड मिटून नाकाने श्वास सोडू द्या. चमच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात. दोन्ही साधारण सारखे असले तर वाट मोकळी. एक डाग पार लहान किंवा उमटतच नसेल, तर ती बाजू अडलेली आहे. काही तासांनी पुन्हा पाहा. नाकाच्या दोन बाजू आलटून-पालटून सुजतात आणि उतरतात, ते नैसर्गिक आहे. प्रत्येक वेळी तीच बाजू बंद दिसली तर मात्र रचनेत काहीतरी आहे: मधला पडदा वाकलेला, टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा उंचवटा, सुजलेलं, किंवा मागे काही अडलेलं.

अशा मुलाला फुग्यासाठी मोकळी नाकपुडी पुरते. नाकाच्या मागची पोकळी एकच आहे, तिथे मधला पडदा नाही, आणि दोन्ही कानांच्या नळ्या तिथेच उघडतात. एका बाजूने दाब भरला की तो दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी सारखाच पोचतो. बंद नाकपुडीशी झटापट करून रक्त काढण्यात काहीच हशील नाही.

'नाकाचं हाड वाढलंय, म्हणून कान बिघडला' हे वाक्य फार ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण त्यावरून ऑपरेशन ठरवण्याइतकं नाही. नाक बंद असताना आवंढा गिळला तर नाकामागच्या पोकळीत आधी दाब वाढतो आणि लगेच ओढ तयार होते. ही ओढ नळीतून कानापर्यंत जाऊ शकते. मधला पडदा ज्या बाजूला वाकला त्या बाजूच्या कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या लहान असतात का, हे सीटी स्कॅनवर मोजून पाहिलेलं आहे. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही. म्हणून श्वासासाठी नाकाचं ऑपरेशन लागत असेल तर ते करावं, पण केवळ कान सुधारेल या भरवशावर नको.

लहान मुलांत मधल्या पडद्यापेक्षा अ‍ॅडेनॉइड जास्त गुन्हेगार. नाकाच्या मागे छतावर असलेली ही ग्रंथी साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात सर्वांत मोठी असते. ती नळीच्या तोंडाशी रेटते, आणि तिच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर ठाण मांडून बसतो. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, बोलणं नाकात अडकल्यासारखं येतं. अशा मुलाचा फुगा फुगतो सुद्धा, पण दाब पोकळीत फिरतो आणि नळीचं तोंड झाकलेलंच राहतं. तीन आठवडे नेमाने करूनही काही फरक नाही आणि मूल घोरतंय, तर फुगा बदलू नका, अ‍ॅडेनॉइड तपासून घ्या. टाळूला जन्मतः फट असलेल्या मुलांत तर नळी उघडणाऱ्या स्नायूची जोडणीच चुकीच्या जागी असते. त्यांच्यात पाणी साचणं जवळजवळ ठरलेलं, आणि तिथे घरगुती फुग्यावर वेळ घालवू नये.

आणि एक सवय. नाक सतत वर ओढणं, तो सूंsss असा आवाज. पालक त्याला शिस्तीचा प्रश्न मानतात, पण कानाच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची खूण आहे. जोराने नाक ओढलं की मागच्या पोकळीत ओढ तयार होते. ज्यांची नळी नीट मिटत नाही त्यांच्यात ही ओढ मध्यकर्णातली हवा बाहेर खेचून घेते. काहींना त्याने बरंही वाटतं, कारण सैल नळीतून स्वतःचाच आवाज कानात घुमत असतो आणि ओढल्यावर तो थांबतो. मग दिवसातून शंभरदा ओढलं जातं. पडदा प्रत्येक वेळी थोडा आत जातो आणि वर्षांनुवर्षांत वरच्या सैल भागात खिसा तयार होतो. अशा मुलाला सकाळी फुग्याने हवा द्यायची आणि त्याने ती दुपारपर्यंत ओढून काढायची, हे चालत राहिलं तर फुगा निरुपयोगी. नाक ओढण्याऐवजी शिंकरायची सवय लावणं हे इथे फुग्याइतकंच मोठं काम. ज्यांची नळी अशी सतत उघडीच राहते त्यांनी तर फुगा वापरूच नये.

अ‍ॅलर्जीने नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याने धुणं मदत करतं. उकळून गार केलेल्या २५० मिलिलिटर पाण्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे अंगाला सोसेल इतकंच खारट. पण धुवून लगेच फुगा लावू नका. नाकात उरलेलं पाणी दाबाने नळीत जाऊ शकतं. आधी ते गळून जाऊ द्या, हलकं शिंकरा, मग फुगा. घट्ट पिवळी-हिरवी सर्दी, ताप, कान ठणकत असणं किंवा नाकातून रक्त येणं, यातलं काही असेल तर ते ओसरेपर्यंत फुगा बंद.

आता ज्यांना दीर्घकाळचं कानाचं दुखणं आहे, त्यांच्यासाठी हे उत्पादन का नाही, ते पाहू. मध्यकर्ण म्हणजे फक्त पडद्यामागची छोटी खोली नव्हे. तिच्या मागे कानामागच्या हाडात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या पोकळ्या असतात, आणि त्यांचं आकारमान माणसागणिक फार वेगळं असतं. एक ढोबळ हिशोब करा. सगळी पोकळी मिळून १० मिलिलिटर असेल आणि त्यातली ०.१ मिलिलिटर हवा शोषली गेली, तर दाब एक टक्क्याने उतरतो, म्हणजे सुमारे १०० डेकापास्कल (हे दाबाचं एकक). तेवढं कानाला सहन होतं. तीच ०.१ मिलिलिटर हवा २ मिलिलिटरच्या पोकळीतून गेली तर घट पाच टक्क्यांची, ५०० डेकापास्कलच्या घरात. पडदा आत वाकून यातला काही भाग सावरतो, पण तेच वाकणं पुढे दुखणं बनतं. दीर्घकाळ कानाचं दुखणं असलेल्यांच्या स्कॅनमध्ये ही पोकळी लहान आणि हाड भरीव दिसतं. मुळात पोकळी लहान म्हणून कान बिघडला, की लहानपणी कान बिघडला म्हणून पोकळी वाढली नाही, यावर तज्ज्ञांत विसाव्या शतकापासून वाद आहे. काहीही असो, अशा कानाला दिवसातून तीन घोट पुरत नाहीत.

शिवाय नळी उघडली म्हणजे हवा सगळीकडे पोचली असंही नाही. हातोडी आणि ऐरण ही हाडं जिथे टांगलेली आहेत, त्या वरच्या माळ्याकडे हवा अरुंद फटींतूनच जाते. अस्तर सुजलं किंवा पातळ पडदे आडवे आले की खालची खोली भरलेली आणि माळा रिकामा अशी स्थिती होते. पडद्याचा वरचा सैल भाग मग आत ओढला जातो, खिशात मृत त्वचेचे पापुद्रे साठतात आणि कोलेस्टिएटोमा तयार होतो. तो हाड कुरतडतो. कुजका वास येणारं, थोडं थोडं, औषधाने तात्पुरतं थांबणारं आणि पुन्हा येणारं पाणी ही त्याची खूण. इथे फुगा वापरत बसणं म्हणजे ऑपरेशनला लागणारा वेळ वाया घालवणं.

पडद्याला भोक असताना तर फुगा उलटाच पडतो. अरुंद मानेची बाटली पाण्यात उपडी धरली तर आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. तिच्या बुडाला भोक पाडलं की पाणी सरळ शिरतं. पडदा शाबूत असलेल्या कानातली हवा अशीच नाकातल्या शेंबडाला अडवून धरते. पडद्याला भोक पडलं किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवलेली असली की ती गादी नाहीशी होते. अशा वेळी नाकाने जोर केला तर नाकातले जंतू थेट मध्यकर्णात जातात आणि सुकलेला कान पुन्हा वाहू लागतो. कानाचं कोणतंही ऑपरेशन नुकतंच झालं असेल तरीही हात लावू नका.

मोठ्या माणसाने स्वतःसाठी हा फुगा आणला असेल, आणि पाणी एकाच कानात असेल, सर्दीचा काही संबंध नसेल, तर फुग्याआधी दुर्बिणीने नाकाची मागची पोकळी पाहून घ्यावीच. नळीच्या तोंडामागच्या खाचेत वाढणारी कर्करोगाची गाठ अनेकदा पहिली खूण देते ती एका कानातल्या दड्याची.

सुरक्षिततेचं थोडक्यात. बहुतेक फुगे लॅटेक्सचे, म्हणून रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला नकोत. फुगा किंवा त्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे फुगवताना मोठं माणूस समोर हवं आणि वापर झाला की फुगा काढून कुलपात. प्लास्टिकची नळी प्रत्येक वापरानंतर गरम साबणाच्या पाण्याने धुवून वाळवायची. भावंडांनी एकच नळी वापरायची नाही. 'बलून' नावानेच ओळखली जाणारी एक शस्त्रक्रियाही असते, तिच्यात भूल देऊन बारीक फुगा थेट नळीत फुगवतात. ती वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत करू नका.

वस्तू म्हणून बघता, माहितीपत्रकाबद्दल तक्रार आहे: चित्रं चांगली, पण आवंढ्याचा टप्पा एका ओळीत उरकलेला. खरी अडचण मात्र पाकिटाबाहेरची. फुगा सुरू करण्याआधी आणि नंतर टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्याची हालचाल आणि मध्यकर्णातला दाब मोजणारी तपासणी, करायलाच हवी, नाहीतर तो काम करतोय की नाही हे कळायला मार्ग नाही. कानात छोटं टोक ठेवून काही सेकंदांत आलेख निघतो. सपाट रेघ म्हणजे 'बी', पडद्यामागे पाणी. शिखर आहे पण उणे दाबाकडे सरकलेलं, ते 'सी'. शिखर शून्याजवळ, ते 'ए'. बी वरून सी वर आलं तर पाणी ओसरतंय, महिनाभर पुढे चालू ठेवा. सपाट रेघेसोबत कानाच्या बाहेरच्या नळीचं आकारमान नेहमीपेक्षा मोठं दाखवलं, तर पाणी नाही, पडद्याला भोक आहे. फुगा तिथेच थांबवा. तीन महिने नेमाने करूनही दोन्ही कानांत बी राहिलं आणि ऐकण्याच्या तपासणीत घट कायम असेल, तर तोच अहवाल घेऊन ग्रोमेट, अ‍ॅडेनॉइड किंवा काही काळ श्रवणयंत्र, यांपैकी काय करायचं हे कान-नाक-घसा तज्ज्ञांसोबत बसून ठरवा.